कारभाऱ्याच्या चुलीतला विस्तव

टिस्डॉलसाहेब आयर्लंडमधल्या ड्रुमाकील गावाला कारभारी म्हणून आले ते दोन वर्षांपुरते. निदान बहिणीला तरी ते तसं सांगून निघाले होते, आणि बहिणीनेही त्यांची खोली राखून ठेवली होती. तिसऱ्या वर्षी तिने त्या खोलीत सफरचंदं पसरायला सुरुवात केली. विसाव्या वर्षापर्यंत घरातले सगळे तिला 'सफरचंदांची खोली' म्हणू लागले होते, आणि ती मुळात कोणाची होती हे एकट्या बहिणीला आठवत होतं.

ज्याची जमीन आहे तो गावात राहत नाही आणि जे गावात राहतात त्यांची जमीन नाही, अशा दोघांच्या मधोमध घोड्यावर बसलेला माणूस म्हणजे कारभारी. मालक सर ऑगस्टस डब्लिनला राहत, आणि थंडी वाढली की समुद्रापलीकडे. खंड वसूल करायचा टिस्डॉलसाहेबांनी, आणि वसूल केल्याबद्दल शिव्या खायच्या त्याही त्यांनीच. खंड कमी आला की सर ऑगस्टस म्हणत, "टिस्डॉल, तुम्ही त्या लोकांत फार मिसळता." इकडे साहेब 'त्या लोकांच्या' झोपडीत शिरले, की उकळत्या हंडीवर झाकण पडावं तशा गप्पा बंद होत. पाहुणचारात मात्र कसूर नसे. बटाटा, ताक, विस्तवाजवळचं स्टूल, सगळं मिळे, आणि ताक संपेपर्यंत सगळे हवामानावर बोलत. साहेब चिकाटीने त्यांची भाषा शिकले. त्याने फरक एवढाच पडला, की पूर्वी लोक त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलत, ते आता बाहेर जाऊन बोलू लागले.

बटाटे शेतातच सडून काळे पडले आणि माणसं उपाशी मरू लागली त्या वर्षांत साहेबांनी आपल्या अंगणात कढई चढवून लापशी वाटली होती. आणि त्याच वर्षांत, वरून हुकूम आला म्हणून, काही घरांच्या दारांवर घर सोडण्याच्या नोटिसाही त्यांनीच लावल्या होत्या. गाव दोन्ही गोष्टी विसरलं नाही. त्यातली कुठली आधी सांगायची, हे सांगणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर असे. साहेबांना स्वतःला नेहमी दुसरी आधी आठवे.

तर अशा माणसाच्या डोक्यात ड्रुमाकीलची जमीन सरळ करायची हे वेड शिरलं.

आता ती जमीन वाकडी होती हे खरं. सगळी घरं उताराच्या मध्यावर, थंडीत कुडकुडणाऱ्या मेंढ्यांसारखी एकमेकांना चिकटून. आणि प्रत्येकाचं शेत मात्र तुकड्यातुकड्यांनी चहूकडे. चांगल्या मातीतला एक तुकडा, दगडातला एक, दलदलीतला एक, समुद्राकाठी वाळूतला एक, कारण चांगलं-वाईट सगळ्यांच्या वाट्याला सारखं यायला हवं. मॅनस गिल्डी हा गावचा बोलका पुढारी. त्याचा एक तुकडा एवढा अरुंद होता, की त्यात गाढव वळवायचं तर त्याचं तोंड शेजाऱ्याच्या ओटच्या पिकात जाई, आणि शेजारी म्हणे, गाढवाने घास मुद्दाम घेतला. अशी भांडणं टिस्डॉलसाहेबांपुढे येत. एकदा कोंबडी एकाची, तिने अंडं घातलं ती जमीन दुसऱ्याची, आणि ते शोधून काढलं तिसऱ्याच्या कुत्र्याने, अशा खटल्यात साहेबांनी सकाळची दुपार केली आणि शेवटी अंडं विकत घेऊन दोघांची तोंडं बंद केली. तिसरा कुत्र्यातर्फे आठवडाभर येत राहिला.

म्हणून साहेबांनी नकाशा काढला. डोंगरापासून समुद्रापर्यंत सरळ पट्टे, एका घराला एक पट्टा, प्रत्येक पट्ट्यात थोडी चांगली माती, थोडा दगड, थोडी दलदल. आणि ज्याच्या त्याच्या पट्ट्यावर ज्याचं त्याचं घर. गावाने तीन हिवाळे विचार केला. मग चिठ्ठ्यांऐवजी खुणेचे खडे एका टोपीत घालून वाटे निघाले, कोणी रडलं, कोणी हसलं, आणि नवी घरं उभी राहिली. दगडी भिंती, गवताचं छप्पर, धुराडं. आता उरलं होतं फक्त राहायला जाणं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. मार्चमध्ये गाय व्यायची होती. एप्रिलमध्ये ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आला. त्यानंतर लोक म्हणाले, साहेब, जायचं तर सगळ्यांनी एकदम, नाहीतर मागे राहणाऱ्याला करमायचं नाही. साहेबांना हे पटलं. मग लोक म्हणाले, आणि घर आपलं झाल्याशिवाय त्यात चूल कशी पेटवायची? कागदावर तर ते एक मेपासून आपलं. तारीख साहेबांनीच घातली होती. तिकडे खंडाचं वर्ष एक मेला सुरू होतं, हातच तसा वळलेला. "ठीक आहे," साहेब म्हणाले, "एक मे तर एक मे."

आणि त्याच आठवड्यात सर ऑगस्टसचा निरोप आला. ते शुक्रवारी, एक मे रोजी, चार पाहुण्यांना घेऊन नवी व्यवस्था पाहायला येणार होते आणि शनिवारी परत जाणार होते. डोंगररस्त्यावरून त्यांना प्रत्येक नव्या धुराड्यातून धूर निघताना दिसला पाहिजे. नाही दिसला, तर लोकांना सुधारायचंच नाही असं ते समजतील आणि सगळी जमीन एका स्कॉटिश मेंढीवाल्याला देऊन टाकतील. मेंढीवाला बोली लावून तयार होता. मेंढ्यांना कारभारी लागत नाही, हेही शेवटी प्रेमाने कळवलं होतं.

टिस्डॉलसाहेब घोड्यावर बसून तडक गावात गेले. मॅनस कुंपणावर बसून दोर वळत होता. शेजारच्या दारात म्हातारी सोर्खा मॅकनेलिस लोकर विंचरत होती. गावातली सगळ्यांत जुनी चूल तिची.

"मॅनस, शुक्रवारी धूर निघाला पाहिजे," साहेबांनी सगळी हकिकत सांगून म्हटलं. "मेंढ्या, समजलं ना? धूर नाही तर मेंढ्या."

मॅनसने दोर खाली ठेवला. "शुक्रवारी सामान नेऊ, साहेब. खाट नेऊ, कोंबड्या नेऊ, म्हातारे नेऊ."

"आणि विस्तव?"

मॅनसने सोर्खाकडे पाहिलं. सोर्खाने लोकरीकडे पाहिलं. "हवा बरी पडली आहे आज," मॅनस म्हणाला.

वीस वर्षांच्या अनुभवाने साहेब ओळखून होते, की हवामान निघालं म्हणजे पाणी मुरतंय. ते घोड्यावरून उतरले आणि समोर जाऊन उभे राहिले. "विस्तव, मॅनस."

"असं आहे साहेब, मेच्या पहिल्या दिवशी घरातून विस्तव बाहेर जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नेत नाहीत. त्या दिवशी ज्याने विस्तव बाहेर दिला, त्याच्या घरची वर्षाची बरकत त्याबरोबर गेली. दूध आटतं. लोणी धरत नाही. माझ्या आत्याने दिला होता एकदा."

"मग?"

"मग काय. आत्याच राहिली नाही."

"कधी वारली?"

"अं... अकरा वर्षांनी. पण तब्येत तेव्हापासूनच नरम."

साहेबांना एकदम काहीतरी आठवलं. आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी, अशाच एका मे महिन्यातल्या सकाळी, त्यांनी एका दारात पाइप पेटवायला निखारा मागितला होता. घरातली बाई दारात आडवी उभी राहिली. ना हो म्हणे, ना नाही. साहेबांनी तो अपमान समजून पुढे महिनाभर त्या घराला सलाम केला नव्हता. वीस वर्षं ते एक मे ही तारीख कागदांवर लिहीत आले, आणि त्या दिवशी अख्ख्या गावातून एक ठिणगीही उंबरा ओलांडत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. एवढा देखणा नकाशा काढला, त्यात शेळीची पायवाटसुद्धा दाखवली, आणि अडलं कुठे तर चुलीत.

"मग गुरुवारीच न्या," ते म्हणाले.

"गुरुवारी घर आपलं नाही, साहेब. तुमच्याच कागदात आहे."

"मी म्हणतो आपलं आहे."

"तुमचं म्हणणं खरं, पण चुलीला कोण समजावणार? शिवाय आदली संध्याकाळ तर त्याहून वाईट."

"शनिवारी पहाटे? पाहुणे निघायच्या आत?"

या वेळी सोर्खाने मान वर केली. "शनिवारी घर बदलेल तो टिकेल किती? शनिवारची बिऱ्हाडं फार दिवस बसत नाहीत, साहेब. हे लहान पोरालाही ठाऊक असतं."

"आणि रविवारी प्रार्थना," साहेब स्वतःच म्हणाले.

"आता तुम्हाला जमायला लागलं," मॅनस म्हणाला.

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी खिशातून आगकाड्यांची पेटी काढली. "हे बघ. दुकानात मिळतात. मी प्रत्येक घराला एक पेटी देतो, माझ्या खर्चाने. शुक्रवारी सकाळी नव्या घरात नवी काडी ओढा, नवा विस्तव करा. कोणाचं काही बाहेर गेलं नाही, कोणाची बरकत गेली नाही. झालं?"

सोर्खाने पेटी हातात घेतली, कानाशी हलवून पाहिली आणि परत दिली. "याला आईबाप कोण?"

"कशाला?"

"या विस्तवाला. माझ्या चुलीतला विस्तव माझ्या सासूच्या हातचा. तिच्या सासूने तिला दिलेला. रात्री राखेत झाकायचा, सकाळी उकरायचा. एकदा विझला नाही. त्या काळ्या वर्षांत त्याच्यावर शिजवायला काही नव्हतं, साहेब. माझी दोन पोरं गेली त्या वर्षी. तरी मी रोज दलदलीतल्या जळाऊ मातीची वीट त्यात घालत होते. आणि आता मी पेटीतल्या अनाथाला घरात घेऊ?"

टिस्डॉलसाहेबांनी पेटी खिशात टाकली. ते घोड्यावर बसले आणि फादरकडे गेले. फादर म्हणाले, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे आणि मी रविवारी तसं व्यासपीठावरून सांगेन. मग आवाज खाली आणून म्हणाले, पण शुक्रवारी इकडे येऊ नका, त्या दिवशी आमची स्वयंपाकीणबाई मला पाइपसुद्धा अंगणात नेऊ देत नाही.

बुधवारपर्यंत साहेब दोनदा मॅनसवर ओरडले, एकदा घोड्यावर, आणि एकदा नकाशावर. सर ऑगस्टसना तारीख बदलायची विनंती केली. उत्तर आलं की पाहुण्यांचा कार्यक्रम ठरला आहे. मग त्यांनी ओल्या गवताची शेकोटी नव्या घरांच्या मागे लावून नुसता धूर दाखवता येईल का, असाही विचार केला, आणि स्वतःचीच लाज वाटून तो सोडून दिला. ऑनी, त्यांचं घर सांभाळणारी बाई, हे सगळं बघत होती. ती चहा ठेवून म्हणाली, "साहेब, सोर्खा आली आहे मागच्या दाराला. आत ये म्हटलं तर येत नाही. म्हणते, साहेबांनीच बाहेर यावं."

सोर्खा दगडावर बसली होती. चढ चढून आल्याने तिला धाप लागली होती.

"साहेब, तुम्ही आलात त्या दिवशीची आठवण आहे का? पाऊस होता. या घरात चूल थंड होती. ऑनी माझ्याकडे आली, आणि मी भांड्यात विस्तव घालून इथवर आणला."

"आठवत नाही," साहेबांनी कबूल केलं. त्या दिवशी आपल्या पेट्या भिजल्या एवढंच त्यांना आठवत होतं.

"ऑनीने तो विझू दिला नाही. म्हणजे तुमच्या चुलीतला विस्तव आमचाच. माझ्या सासूचा. त्याला आईबाप आहेत."

"बरं. मग?"

"मग शुक्रवारी आमच्या घरातून विस्तव बाहेर जायचा नाही. पण तुमच्या घरातून जाऊ शकतो."

साहेबांच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. "म्हणजे जी बरकत जाईल ती माझी."

"तुम्ही कुठे मानता?" सोर्खा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही. "मॅनसला तुम्हीच सांगितलंत ना, की हे सगळं थोतांड आहे? जो मानतच नाही त्याचं जाणार काय? आणि खरं सांगायचं तर साहेब, गावात आम्ही बोललो यावर. ज्याच्यावर मालकही खूश नाही आणि कुळंही नाहीत, त्याच्या घरी बरकत म्हणून अशी किती असणार?"

आतून ऑनीच्या हातातलं काहीतरी पडल्याचा आवाज आला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाही म्हणावं, तर आपणही मानतो असं होतं. हो म्हणावं, तर... तर काय? काहीच नाही. टिस्डॉलसाहेब शिकलेले गृहस्थ होते. "पाठवा सगळ्यांना," ते म्हणाले.

शुक्रवारी उजाडता उजाडता मागच्या दाराशी रांग लागली. कोणाकडे लोखंडी भांडं, कोणाकडे फुटकी घागर, मॅनसकडे चक्क खुरप्यावर ठेवलेली मातीची वीट. ऑनीने आदल्या रात्रीच बजावलं होतं, "तुम्हाला काय करायचं ते करा. माझ्या हाताने मी या दिवशी विस्तव बाहेर देणार नाही." आणि ती पहाटेच डोक्यावरून शाल घेऊन चर्चकडे निघून गेली होती.

तेव्हा ड्रुमाकीलचे कारभारी स्वतः चुलीपुढे उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले, बाह्यांच्या कडा काळ्या झाल्या. पहिला नंबर मॅनसचा. साहेबांनी चिमट्यात निखारा धरला, आणि चिमटा हवेत थांबला.

"साहेब, हात थांबलाय," मॅनस हळूच म्हणाला.

"चिमटा जड आहे."

"असतो," मॅनस म्हणाला. वीस वर्षांत त्याने साहेबांचं एवढं पटकन कधी ऐकून घेतलं नव्हतं.

निखारा विटेवर पडला. मॅनसने आभार मानले नाहीत. अशा देण्याचे मानायचे नसतात. तो मान फिरवून निघाला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक जण आत येई, भांडं पुढे करी, साहेबांच्या डोळ्यांना डोळा न देता निघून जाई. चोरांचा बाजार भरला आहे आणि आपण त्यातले गिऱ्हाईक की माल, हे साहेबांना कळेना. त्यांना चीड आली. निदान कोणी हवामानावर तरी बोलावं.

सगळ्यांत शेवटी सोर्खा. तोवर चुलीत राख होती आणि राखेत एकच जिवंत निखारा.

"तो तुमच्यासाठी राहू द्या," सोर्खा म्हणाली. "मी मॅनसकडून सोमवारी घेईन."

"आणि आज तुमच्या धुराड्यातून काय निघेल? सर ऑगस्टस नेमकं तेच बघतील," साहेब खेकसले आणि शेवटचा निखारा तिच्या भांड्यात टाकला.

दुपारी सर ऑगस्टसची गाडी डोंगररस्त्यावर थांबली. खाली डोंगरापासून समुद्रापर्यंत सरळ पट्टे, आणि एकूणएक धुराड्यातून निळा धूर. पाहुण्यांतल्या एका बाईंनी चित्र काढायला वही उघडली. मेंढीवाल्याचं नावही निघालं नाही. सर ऑगस्टसनी टिस्डॉलसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात वीस वर्षांत प्रथमच पडत होता.

"उत्तम, टिस्डॉल. अगदी चोख. आता इथे करण्यासारखं काही राहिलंच नाही."

"आभारी आहे, सर."

"म्हणजे अवघड असं काही. आता हे कोणीही चालवू शकेल. माझ्या बहिणीचा मुलगा रिकामाच बसला आहे. तुम्ही नोव्हेंबरपर्यंत आवरून घ्या, घाई नाही."

साहेब घरी आले. चूल थंड होती. ऑनी तिच्यासमोर हाताची घडी घालून उभी होती. त्यांनी खिशातून पेटी काढून काडी ओढली. पहिली विझली. दुसरीही विझली.

बातमी गावात त्यांच्या आधी पोचली होती. त्यानंतर साहेब कुठल्याही घरात गेले, तरी हवामान निघेनासं झालं. त्याऐवजी लोक नुसतेच गप्प बसत, आणि ताकाबरोबर लोण्याचा गोळा येई. हे साहेबांना जास्त असह्य झालं. "हा योगायोग आहे," ते मॅनसला तीनतीनदा सांगत. "सर ऑगस्टसचा भाचा फेब्रुवारीपासून रिकामा आहे. फेब्रुवारीपासून, मॅनस." मॅनस मान हलवी. वैद्याने रोग्याच्या बोलण्याला मान हलवावी, तशी.

आणि ज्या पट्ट्यांसाठी हे सगळं केलं, त्यांचं काय झालं म्हणाल, तर संध्याकाळ झाली की प्रत्येक जण आपलं सुटं, हवेशीर, सुधारलेलं घर सोडून शेजाऱ्याकडे गप्पांना निघे. उन्हाळा सरेपर्यंत सगळे पट्टे आडवे कापत जाणारी एक रुंद पायवाट पडली, बांधांना जागोजाग खिंडारं पडली. ती वाट कुठल्याच नकाशात नव्हती. साहेब डोंगरावरून तिच्याकडे बराच वेळ बघत उभे राहत आणि घोड्याला म्हणत, "बघ." घोडाही बघे.

ऑक्टोबरअखेर साहेबांनी निघायचा दिवस ठरवला, शनिवार. गाडीवाला म्हणाला, घोड्याचा पाय दुखतोय. साहेबांनी घोडा चालवून पाहिला, घोडा उत्तम चालला. गाडीवाला म्हणाला, आज नाही, शनिवारी दुखेल. शेवटी मंगळवार ठरला.

मंगळवारी सामान चढलं. ऑनी आदल्याच दिवशी, नव्या साहेबाची तोंडओळख नको म्हणून, भावाकडे निघून गेली होती. गाडी वळणावर आली तर गाव तिथे उभं होतं, आणि पुढे सोर्खा. तिच्या हातात झाकण लावलेलं लोखंडी भांडं होतं.

"हे धरा," ती म्हणाली.

"सोर्खाबाई, मी हे मानत नाही."

"मानू नका. मांडीवर ठेवा, ऊब येईल. ही देणगी नाही. तुमचं तुम्हाला परत करतोय. आज काही मे महिना नाही, त्यामुळे आमचं जायचं काही नाही." मग गाडीवाल्याकडे वळून ती म्हणाली, "जळणाच्या विटा मागे ठेवल्या आहेत. मधे मधे थांब. हे साहेब थांब म्हणणार नाहीत, तूच थांब."

दिवसभराची वाट होती. गाडीवाला पहिल्या पुलाशी थांबला. साहेबांनी कुरकुरत भांड्यात विटेचा तुकडा घातला. दुसऱ्या वेळी पावसात त्यांनी कोट काढून भांड्यावर धरला. तिसऱ्या वेळी गाडीवाला थांबलाच नाही. साहेबांनीच त्याच्या पाठीत काठी टोचून गाडी थांबवली, उकिडवे बसून फुंकर घातली, आणि राखेत लाल ठिपका दिसेपर्यंत उठले नाहीत.

बहिणीने दार उघडलं तेव्हा ते ओलेचिंब होते आणि नाक काळं झालं होतं.

"जोनाथन, हे काय आणलंस?" ती म्हणाली. "तुझ्या खोलीत शेगडी रचून ठेवली आहे मी. सफरचंदं हलवली. आणि घरात आगकाड्या आहेत."

"माहीत आहे," टिस्डॉलसाहेब म्हणाले. "जरा सरक." आणि भांडं घेऊन ते शेगडीपुढे गुडघ्यांवर बसले.